धाकट्या भावाचा किल्ला

आमच्या लहानपणी दिघ्याहून ठाण्याला जायचे म्हणजे एक छोटासा प्रवासच असे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसची वाट पाहत उभे राहायचे, विटावा मागे टाकायचे, कळवा नाक्यावर खोळंबायचे आणि मग पुलावरून खाडी ओलांडायची. पूल ओलांडला की एक उंच, काळवंडलेली दगडी भिंत दिसे. तो ठाण्याचा तुरुंग. अभ्यास केला नाही तर इथे टाकतील, अशी धमकी वडील मला आणि माझ्या धाकट्या भावाला देत. भावावर तिचा परिणाम होत नसे, माझ्यावर मात्र होई. पुढे मी बँकेत अधिकारी झालो आणि भाऊ कारखान्यात लागला, याचे एक कारण ही भिंत असावी, असे आम्ही दोघे अजूनही गमतीने म्हणतो.

ती भिंत मुळात तुरुंगाची नाही, किल्ल्याची आहे, हे मला फार उशिरा समजले. एका शाखेत असताना दुपारच्या सुट्टीत जुने गॅझेटियर चाळत होतो. त्यात ठाण्याच्या किल्ल्याची हकीकत सापडली आणि तिच्यात चिमाजीअप्पा सापडले. वसईचा विजेता म्हणून त्यांचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण ज्या मोहिमेचा शेवट वसईत झाला तिची सुरुवात आमच्या घरासमोरच्या खाडीत झाली होती, हे तोपर्यंत मला कुणी सांगितलेले नव्हते. त्यांच्यावर कादंबरी लिहायची असे तेव्हा ठरवले. ती आजतागायत लिहून झालेली नाही. का झाली नाही, ते या लेखाच्या ओघात येईलच.

आधी जागा समजून घेऊ. उल्हास नदी कल्याणवरून वाहत येते आणि ठाण्यापाशी तिच्या पाण्याला दोन वाटा फुटतात. एक वाट घोडबंदरच्या बाजूने वसईला समुद्रात जाते. दुसरी दक्षिणेला वळून दिघा, ऐरोली, वाशी यांच्या अंगाने मुंबईच्या बंदराला मिळते. या दोन वाटांच्या कवेत जी जमीन आहे ती साष्टी. म्हणजे साष्टीभोवती निसर्गानेच खंदक खणला आहे आणि त्या खंदकाचे दार ठाण्याला आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेव्हापासून दोनशे वर्षे हे दार फिरंग्यांच्या हाती होते. गंमत अशी, की एवढ्या काळात त्यांनी त्या दाराला धड कुलूप लावले नव्हते. खाडीकाठी काही लहान बुरूज, त्यांत थोडे शिपाई, एवढाच बंदोबस्त. कल्याण-भिवंडीचा मुलूख मराठ्यांकडे आला, पेशव्यांचा दबदबा वाढला, तेव्हा कुठे त्यांना जाग आली आणि १७३० नंतरच्या वर्षांत ठाण्याला भक्कम किल्ला बांधायला त्यांनी सुरुवात केली.

किल्ला बांधायला पैसा लागतो आणि हात लागतात. दोन्ही साष्टीच्या गावांतूनच काढले गेले. आधीच धर्माच्या बाबतीत जाच होता. हिंदूंना आपली लग्नकार्ये, सणवार उघडपणे करता येत नसत, देवळे केव्हाच गेली होती. त्यात ही नवी पट्टी आली. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, मालाडचे अंताजी रघुनाथ ही मंडळी या जाचाला कंटाळून पेशव्यांच्या दारात गेली. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे गेली. कर्जमंजुरीसाठी खेपा घालणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यामुळे गंगाजी नाईकांच्या चिकाटीची मला कल्पना करता येते. पेशव्यांना दिल्ली, माळवा, गुजरात, निजाम असे शंभर उद्योग. खाडीपलीकडच्या चार गावांची दाद कोण घेणार? ती दाद ज्यांनी घेतली, ते चिमाजीअप्पा.

चिमाजीअप्पा १७०७ च्या सुमारास जन्मले. वडील बाळाजी विश्वनाथ, आई राधाबाई. थोरले बाजीराव त्यांच्याहून सुमारे सात वर्षांनी मोठे. १७२० मध्ये बाळाजीपंत वारले तेव्हा बाजीराव विशीचे आणि चिमाजी बारा-तेरा वर्षांचे. शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावांना दिली आणि त्या दिवसापासून धाकट्याचे काम ठरून गेले. थोरल्याने घोड्यावर बसून उत्तरेकडे जायचे. धाकट्याने साताऱ्याचा दरबार सांभाळायचा, पुण्याचे घर पाहायचे, फौजेला पैसा पोचवायचा, सावकारांना थोपवून धरायचे. बाजीरावांच्या मोहिमांवर किती कर्ज होते हे त्यांच्या आणि ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारावरून कळते. धावडशीचे हे स्वामी पेशव्यांचे गुरू होते आणि सावकारही होते. गुरूच सावकार असला की वसुलीचा तगादा किती कठीण होतो, हे वेगळे सांगायला नको.

पण अप्पा नुसते घर सांभाळणारे होते, असे समजण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याला त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्या लढाईत तो आणि त्याचा नातलग दया बहादूर दोघेही मारले गेले. अप्पा तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे होते. माळव्याचे दार मराठ्यांना उघडले ते त्या दिवशी. १७३० मध्ये ते गुजरातेत उतरले आणि तिथल्या सुभेदाराकडून चौथाईचा हक्क कबूल करून घेतला. त्याच वर्षी पुत्र सदाशिवराव जन्मला आणि महिन्याभरात पत्नी रखमाबाई वारल्या. हाच मुलगा पुढे पानिपतावर गेलेला सदाशिवरावभाऊ. एप्रिल १७३६ मध्ये अप्पांनी अलिबागजवळ जंजिऱ्याच्या सिद्दी सातला लढाईत मारले. चिपळूणजवळचे परशुरामाचे देवालय याच सिद्दीने उद्ध्वस्त केले होते. बातमी साताऱ्याला पोचली तेव्हा शाहू महाराजांना अतिशय आनंद झाला.

हे सगळे करताना त्यांची प्रकृती मात्र साथ देत नव्हती. खोकला आणि छातीचा विकार त्यांना जडलेला होता. बाजीराव घोड्यावरच भाजलेली कणसे खात दौडत, अशी आख्यायिका आहे. चिमाजीअप्पांची अशी एकही आख्यायिका नाही. माझी कादंबरी अडली ती इथे. कादंबरीकाराला असा नायक हवा असतो, की जो दारातून आत आला की बाकीची पात्रे उठून उभी राहतात. अप्पा आत आले की बाकीचे बहुधा हिशेबाचे कागद पुढे करत असतील. हा दोष त्यांचा नाही, लेखकाचा आहे, हे कळायला मला निवृत्त व्हावे लागले.

मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला अजून पुरा झालेला नव्हता. तो पुरा होण्याआधीच घ्यायला हवा, हे गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी ओळखले होते. खाडीचे उतार, भरती-ओहोटीच्या वेळा, पहाऱ्यातल्या फटी ही सगळी माहिती त्यांनी जमवली. खाडीकाठच्या माणसाला भरतीची वेळ विचारावी लागत नाही. आमच्या दिघ्यातला म्हातारा कोळी आजही वासावरून पाणी कुठे आले ते सांगेल. महिना संपत आला असताना एका रात्री मराठ्यांच्या तुकड्या खाडी ओलांडून गेल्या आणि अर्धवट बांधलेल्या तटावर चढल्या. किल्ल्यातला वरिष्ठ फिरंगी अधिकारी प्रतिकार टिकत नाही असे पाहून निघून गेला. ठाणे पडले. अप्पा पाठोपाठ येऊन पोचले. साष्टीच्या लोकांवर जी पट्टी बसवून किल्ला उभा केला होता, तो त्यांच्याच माणसांनी वाट दाखवून घेतला.

ठाण्याबरोबर साष्टीचा बराचसा मुलूख हाती आला; पण वसई आली नाही. शंकराजी केशव फडके यांनी १७३७ मध्येच वसईवर जोर केला, तो फसला. पावसाळा आला. शिवाय वर्षाअखेरीस बाजीराव भोपाळला निजामाशी भिडले, तेव्हा फौजेचा ओढा तिकडे वळला. १७३८ च्या अखेरीस फिरंग्यांनी ठाणे परत घेण्याची मोठी खटपट केली. त्यांचा उत्तर प्रांताचा सेनापती पेद्रू द मेलू गलबते घेऊन खाडीतून वर आला. किल्ल्यावरून सुटलेल्या तोफेच्या गोळ्याने तो ठार झाला आणि आरमार मागे फिरले. मुंबईच्या इंग्रजांनी या हल्ल्याची आगाऊ खबर मराठ्यांना दिली होती, अशी पोर्तुगीजांची तक्रार होती. दोन शेजारी भांडू लागले की तिसरा कसा वागतो, याचा हा एक नमुनाच.

त्यानंतर अप्पा स्वतः कोकणात उतरले आणि अगदी सावकाश कामाला लागले. सावकाश हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. वसईवर एकदम झेप न घेता त्यांनी तिच्या उत्तरेचे एकेक ठाणे उचलायला सुरुवात केली. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, अशेरी अशी ठाणी भराभर पडली. तारापूरला तट चढताना बाजी भिवराव रेठरेकर हा उमदा सरदार पडला. त्याच्या आईला अप्पांनी सांत्वनाचे पत्र लिहिले. मोहीम ऐन रंगात असताना, पुढच्या मोर्चाची आखणी चालू असताना, सेनापतीने एका आईला पत्र लिहायला वेळ काढावा, ही गोष्ट मला वसईच्या विजयाइतकीच महत्त्वाची वाटते. वारसांना पत्र लिहिण्याची वेळ बँकेत माझ्यावरही आली आहे. खात्याची माहिती लिहिणे सोपे असते. पहिली ओळ लिहिणे फार अवघड जाते.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईला वेढा पडला. वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल. हल्ला करायचा तर एकच जमिनीची बाजू, आणि तीही रेताड. तिथे मोर्चे बांधत, वाळूत खंदक काढत, वरून तोफांचा आणि पेटत्या गोळ्यांचा मारा सोसत माणसे इंचाइंचाने तटाकडे सरकली. सुरुंग खणले, ते आतल्यांनी शोधून निकामी केले, पुन्हा खणले. मेच्या सुरुवातीला सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले आणि मराठे त्यात घुसले. त्याच वेळी मागे राहिलेला एक सुरुंग उशिरा उडाला आणि आपलीच माणसे उडाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला. आतले सेनानायक एकामागून एक पडले होते, दारूगोळा संपत आला होता. अखेर कायतानु द सौझ परैर याने पांढरे निशाण दाखवले.

या वेढ्याच्या काळातली एक नोंद मला फार बोलकी वाटते. वसईच्या पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. गव्हर्नर जॉन हॉर्न याने माणसे दिली नाहीत. पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन. बुडत्याने हात पुढे करावा आणि काठावरच्याने आधी अंगठी काढून घ्यावी, असा हा व्यवहार होता. पण बँकेतला माणूस म्हणून कबूल केले पाहिजे, की तारण चोख होते. पुढे मुंबईहून सगळ्या हिंदुस्थानाची वसुली कुणी आणि का केली, याचे उत्तर या एका कर्जखात्यात मिळते.

विजयाचा हिशेबही कागदोपत्री आहे. पोर्तुगीजांचे मेलेले आणि जखमी मिळून सुमारे आठशे. मराठ्यांचे, त्यांच्याच कबुलीप्रमाणे, पाच हजारांवर. जिंकणाऱ्याने आपली हानी सहापट मोजावी आणि ती लपवू नये, हे फारसे पाहायला मिळत नाही. वसई घेता येत नसेल तर आपले मस्तक तोफेला बांधून किल्ल्यात टाका, असे अप्पा म्हणाल्याची दंतकथा महाराष्ट्राच्या तोंडी आहे. मला त्या दंतकथेपेक्षा हा आकडा खरा चिमाजीअप्पा वाटतो. ब्रह्मेंद्रस्वामींना त्यांनी वेढ्याची सविस्तर हकीकत पत्राने कळवली. त्यात विजयाचा आनंद आहे, तसा आपल्या माणसांच्या कामगिरीचा आणि मरणाचा तपशीलही आहे.

तहाच्या अटी उदार होत्या. फिरंगी शिपायांना हत्यारांनिशी, वाजतगाजत, बायकामुलांसह बाहेर पडू दिले. ज्यांना राहायचे त्यांना राहता आले आणि काही चर्चेस चालू राहतील असे कबूल केले. दोनशे वर्षे ज्यांची देवळे पाडली गेली होती त्यांच्या सेनापतीने असे कलम मान्य करणे सोपे नसेल. वसईच्या चर्चच्या मोठ्या घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकराला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत. नवस बोलला होता म्हणून वज्रेश्वरीचे किल्ल्यासारखे देऊळ उभे राहिले. वसई-साष्टीतले ख्रिस्ती लोक मात्र तिथेच राहिले. आज तीनशे वर्षे होत आली, त्यांच्या घरात मराठी बोलली जाते. माझ्या हाताखाली काम केलेला वसईचा एक कारकून आमच्यापेक्षा शुद्ध आणि आमच्यापेक्षा जुनी मराठी बोलत असे. किल्ला कुणाच्या ताब्यात आहे, यावर माणसाची भाषा ठरत नाही.

त्याच उन्हाळ्यात इंग्रजांचा वकील कॅप्टन इंचबर्ड अप्पांच्या भेटीला वसईत आला. मुंबई आणि मराठे यांच्यामध्ये आता फक्त माहीमची खाडी उरली होती. जुलै १७३९ मध्ये व्यापाराचा तह झाला. मराठी अमलात वसईला नवे नाव मिळाले, तेही बाजीपूर. दोन वर्षांची मोहीम धाकट्याची, पाच हजारांचा हिशेब धाकट्याचा आणि गावाचे नाव थोरल्याचे. याबद्दल अप्पांनी कुठे कुरकुर केल्याचे माझ्या वाचनात नाही. बहुधा त्यांना ते स्वाभाविकच वाटले असेल.

यानंतर जे घडले ते लिहिताना लेखणी जड होते. बाजीरावांच्या आयुष्यात १७२९ च्या बुंदेलखंडाच्या मोहिमेपासून मस्तानी आली होती. घराण्याला ती मान्य नव्हती. १७४० च्या आरंभी घरात सदाशिवराव आणि रघुनाथराव यांची कार्ये होती आणि ब्रह्मवृंद अडून बसला होता. बाजीराव नासिरजंगाशी लढायला बाहेर पडले आणि त्यांच्या पाठीमागे पुण्यात मस्तानीला कैद करण्यात आले. हे काम नानासाहेबांनी, म्हणजे बाजीरावांच्या मुलाने केले. पण चिमाजीअप्पांच्या संमतीशिवाय ते झाले नसते. शाहू महाराजांनाही ही जबरदस्ती पसंत नव्हती. घराची अब्रू, मुलांची कार्ये, आईचा शब्द, शास्त्रीपंडितांचा बहिष्कार या सगळ्यांचा ताळा जुळवून अप्पांनी जो निर्णय घेतला तो हिशेबाने बरोबर असेल. पण त्या हिशेबात एक रक्कम लिहायची राहून गेली, ती म्हणजे थोरल्या भावाचे मन.

त्यांना ते कळले नाही असे नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस नासिरजंगाशी तह झाला आणि दोघे भाऊ गोदावरीकाठी एकमेकांपासून वेगळे झाले. बाजीराव नर्मदेकडे गेले. नंतर अप्पांनी नानासाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांची घालमेल दिसते. भावाचे चित्त थाऱ्यावर आणायचा आपण पुष्कळ प्रयत्न केला, पण ईश्वराच्या मनात काय आहे कळत नाही, असा त्या पत्राचा भाव आहे. पुण्याला परतलो की मस्तानीला त्यांच्याकडे पाठवून द्यावे, असा विचारही त्यात आहे. म्हणजे चूक उमगली होती आणि ती दुरुस्त करायचेही ठरले होते. फक्त ते काम परतल्यावर करायचे होते.

अप्पा पुण्याला परतण्याऐवजी नानासाहेबांबरोबर कुलाब्याला गेले, कारण आंगऱ्यांच्या भाऊबंदकीत मानाजीला मदत करणे निकडीचे होते. तिथेच त्यांना बातमी कळली. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे बाजीराव वारले होते. वय चाळिशीच्या आत. मस्तानीही त्यानंतर फार काळ राहिली नाही. जे परतल्यावर करायचे ते करायला आता कुणीच उरले नाही.

भावाच्या पाठोपाठ अप्पा जेमतेम आठ महिने जगले. नानासाहेबांना पेशवाई मिळवून देणे, दरबारातला विरोध शमवणे ही कामे त्यांनी केली आणि १७ डिसेंबर १७४० रोजी ते गेले. वय तेहेतीसच्या आसपास. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. अप्पांची समाधी पुण्यात मुठेच्या काठी ओंकारेश्वराच्या आवारात आहे. थोरल्याची समाधी नर्मदेकाठी, धाकट्याची मुठेकाठी. दोन्ही ठिकाणी मी जाऊन आलो आहे. रावेरखेडीला लोक मुद्दाम जातात. ओंकारेश्वराला देवदर्शनाला आलेला माणूस समाधीवरून पुढे निघून जातो.

ठाण्याच्या किल्ल्याचे पुढे काय झाले? मराठ्यांनी तो पुरा करून सदतीस वर्षे राखला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो हल्ला करून घेतला आणि आतल्या बहुतेक शिबंदीची कत्तल केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांची झाली. १८१५ मध्ये त्यांनी त्रिंबकजी डेंगळ्यांना इथे कैदेत ठेवले. पुढच्याच वर्षी ते तट उतरून निसटले. पेशवाई बुडाल्यावर सरहद्द राहिली नाही, मग सरहद्दीच्या किल्ल्याचे काय करायचे? त्याचा तुरुंग झाला. १८४८ मध्ये राघोजी भांगरे यांना इथेच फाशी दिली. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे इथेच फासावर गेले. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेला तट माणसांना आत कोंडण्याच्या कामी आला. दगड तेच, पहारा तोच, फक्त पहारेकऱ्याचे तोंड आत वळले.

१२ जानेवारी २०२४ रोजी आमच्या दिघा गाव स्थानकाचे उद्घाटन झाले. आता गाडीत बसले की पुढचे स्थानक ठाणे. त्यानंतर काही दिवसांनी मी आणि माझा धाकटा भाऊ मुद्दाम ती भिंत पाहायला गेलो. स्थानकातून तुरुंगापर्यंत चालताना त्याला धाप लागत होती. कारखान्यात बावीस वर्षे काढलेली त्याची छाती आहे. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने रिक्षा घेतली. माझ्या दर तीन वर्षांनी बदल्या होत होत्या, नांदेड, रत्नागिरी, सोलापूर. आईवडिलांचे दवाखाने, घराची गळती, बहिणीचे बाळंतपण हे सगळे दिघ्यात राहून त्याने निभावले. माझ्या सात कादंबऱ्या झाल्या. पहिली वडिलांना अर्पण केली, दुसरी आईला, पुढच्या पत्नीला, गुरूंना, मित्रांना. त्याचे नाव एकाही पुस्तकावर नाही. मीही प्रत्येक वेळी पुढच्या पुस्तकावर घालू असेच म्हणत आलो होतो.

भिंतीसमोर उभे राहून मी त्याला चिमाजीअप्पांची सगळी कथा सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली. वसईत पाच हजार माणसे गेली, त्यांची नावे कुठे लिहिलेली आहेत का, एवढेच त्याने विचारले. काहींची पत्रांत आहेत, बाकीच्यांची नाहीत, असे मी सांगितले. मग त्याने विषय बदलला आणि ऊन वाढायच्या आत परत निघू या म्हणाला.

कादंबरी मी पुन्हा हातात घेतली आहे. अप्पांना घोड्यावर बसवण्याचा हट्ट आता सोडला आहे. ते कुलाब्याच्या छावणीत खोकत बसलेले आहेत, पुढ्यात कागद आहेत, पुण्याला परतून करायच्या कामांची यादी मनात आहे आणि बाहेर जासूद येऊन उभा राहिला आहे. पुस्तक तिथून सुरू होते. पुरे कधी होईल ते सांगता येत नाही. पण अर्पणपत्रिका मी आधी लिहून ठेवली आहे आणि ती भावाला वाचायलाही दिली आहे.